आठही पिवळे

दिवे किती टिकतात हे बघणं, एवढंच ताईंचं काम. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेच्या त्याच एका खोलीत. कागदासारखे पातळ, काचेचे चौकोनी दिवे रात्रंदिवस चालू ठेवायचे आणि उजेड किती उतरला ते रोज सकाळी मीटरवर वाचून वहीत टिपायचं. या दिव्यांचा पांढरा उजेड म्हणजे निळ्या आणि पिवळ्या थरांची मिसळ. त्यातला निळा थर नाजूक. आधी मान टाकतो तो तोच. सरांनी नव्या मिश्रणाचे आठ दिवे केले होते. वीज कमी खायचे, आणि चार महिने झाले तरी मीटरचा आकडा जेमतेम हलला होता. सरांचे पाय जमिनीवर नव्हते. हे दिवे बघायला बाहेरून पाहुणे यायचे होते.

मीटर प्रत्येक दिव्याच्या काळ्या झाकणाच्या आतच बसवलेला; दिवा उघडून बघायची वेळ एरवी यायची नाही. पाहुण्यांसाठी काचा पुसायला म्हणून एका सकाळी ताईंनी पहिल्या दिव्यावरचं झाकण उचललं. उजेड पिवळट. दुसराही तसाच. आठही. मीटर मात्र ठणठणीत.

म्हणजे बिघडले ते आपले डोळे! आईचंही असंच सुरू झालं होतं. "सगळं पिवळं दिसतंय गं," म्हणता म्हणता दोन वर्षांत ती भिंत चाचपडत चालायला लागली. डोळे गेले की ही खोलीही गेलीच.

तीन दिवस ताईंनी अवाक्षर काढलं नाही. घरी एकेक डोळा झाकून पांढऱ्या चादरीकडे बघत बसल्या.

"या वयात डोळा मारतेस की काय मला?" नवऱ्याने विचारलं.

त्या हसल्या आणि दुसरा डोळा झाकला.

चौथ्या दिवशी मन घट्ट करून त्यांनी कपाटातून त्याच मिश्रणाचा, एकदाही न लावलेला दिवा काढला आणि शेजारी लावला. नवा पांढराशुभ्र! डोळे शाबूत होते. जिवात जीव येतोय तोच लक्षात आलं, म्हणजे दिवेच बिघडले. आता सरांना सांगायचं कोणी?

सांगितलं त्यांनीच. सर धावत आले, एकेका दिव्यावर वाकले.

"निळा मेलाय. मीटर नुसता एकूण उजेड मोजतो, रंगाचं त्याला काय कळतंय! कधीपासून?"

"तीन दिवस झाले."

"आणि आज सांगताय?"

"भ्यायले होते, सर. वाटलं, माझेच डोळे गेले."

सरांनी पहिल्या दिव्यावर झाकण परत ठेवलं. मग म्हणाले, "परवा पाहुण्यांसमोर हे झाकण मी उचललं असतं, ताई."

पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं. रंग मोजणारं यंत्र आलं. निळ्याचं काम सरांनी दोन थरांत वाटून दिलं; ते दिवे दुप्पट टिकले. ताई डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आल्या.

"काही झालेलं नाही, चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय," डॉक्टर म्हणाले.

"नक्की ना?" ताईंनी तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायचा त्यांना धीर झाला नाही.