ठोकून बघितलेली घरं

आमच्या धंद्यात सिमेंटपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मी लातूरची, सिव्हिल इंजिनिअर. खेड्यातलं जुनं घर विकत घ्यायचं असलं की लोक मला बोलावतात. मी पाया, भिंती, छत तपासते आणि रिपोर्ट देते: घ्या, दुरुस्त करून घ्या, किंवा घेऊच नका. काम एवढंच. पण घर विकताना आणि घेताना माणसं जे बोलतात, त्याला रिपोर्टात रकाना नसतो! मग ते डोक्यात पडून राहतं आणि चहाला चार माणसं बसली की बाहेर पडतं.

माझ्यासोबत गफूरमामू असतात. जन्मभर दगड-मातीच्या भिंती बांधलेले मिस्त्री. आता हात थरथरतो, म्हणून बांधत नाहीत, फक्त ठोकून बघतात. माझ्याकडे भिंत आतून तपासायचं मशीन आहे. मामूंकडे एक छोटी हातोडी आणि दोन कान. दोघांचं उत्तर वेगळं आलं, तर मी मशीन पुन्हा लावून बघते!

*

देगलूरकडचं एक गाव. घेणारे शाळेतले गुरुजी, विकणारा त्यांच्याच ओळखीचा दिगंबर. घर बाहेरून ठणठणीत. आतल्या खोलीत शिरलो, तर एका भिंतीवर देवांची अकरा कॅलेंडरं! बाकी तीन भिंती कोऱ्या. काही कॅलेंडरांची तर सालंसुद्धा कधीच उलटून गेलेली.

मामूंनी विचारलं, "दिगंबरराव, येवढे देव एकाच भिंतीवर कामून?"

"भक्ती हाय मामू आमची."

"मंग जरा बाजूला घेऊ का? भिंत बगायची हाय."

"देवाला हात लावू नका!"

गुरुजींनी हात जोडले आणि स्वतःच पहिलं कॅलेंडर काढलं. मागे भेग. दुसरं काढलं. तीच भेग, थोडी वर सरकलेली. अकराव्या कॅलेंडरापर्यंत ती छताला भिडली होती, आणि तिथून बाहेरचं ऊन दिसत होतं.

गुरुजींचा आवाज चढला. "अरे दिगंबरा, माझी लेकरं झोपली असती की रे ह्या खोलीत!"

दिगंबर खाली बघत म्हणाला, "आमची तर रोजच झोपतेत, गुरुजी."

*

शिरूर अनंतपाळजवळ एका रिटायर झालेल्या साहेबांनी बोलावलं. त्यांनी आमच्याआधी वास्तुवाले आणले होते. "मॅडम, वास्तू पास आहे. तुम्ही नुसतं बघितल्यासारखं करा."

घर माळवदाचं. म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर हातभर मातीचा थर. ते सगळं वजन एका मोठ्या तुळईवर. तिला ताजा तपकिरी ऑइलपेंट दिलेला. मामूंनी हातोडी मारली आणि माझ्याकडे बघितलं. मी शिडीवर चढून स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावायची वेळच आली नाही, तो मुठीपर्यंत आत गेला! खाली भुसा गळायला लागला. उधईनं, म्हणजे वाळवीनं, आतलं लाकूड सगळं खाल्लं होतं. वरची माती रंगावर उभी होती!

साहेबांनी खांद्यावरचा भुसा झटकला. मग हळूच म्हणाले, "पण दिशा तर सगळ्या बरोबर आहेत ना?"

मामू म्हणाले, "हौ साहेब. पडंल तर ईशान्येलाच पडंल."

*

पुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण बाकीचे सांगायचे आणि हा गाळायचा, हे बरं नाही.

मी नवीन होते. मामूही तेव्हा सोबत नव्हते. उदगीरजवळच्या एका गावात बसवराजअप्पा म्हणून किराणा दुकानदार होते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलायला फार गोड. त्यांनी एक माळवदाचं घर ठरवलं होतं. मी दोन दिवस खपून रिपोर्ट केला. बारा पानं, रंगीत फोटो, आकृत्या. अप्पांनी एकेक पान उलटून बघितलं. "लई छान केलाव की ओ, म्याडम!" म्हणाले, आणि रिपोर्ट देवघरात ठेवला. मला इतका अभिमान वाटला होता!

सातव्या पानावर लिहिलं होतं की, मधल्या खोलीवरची माती पावसाळ्याआधी उतरवा, तोवर त्या खोलीत कुणी बसू-झोपू नका.

अप्पांनी घर घेतलं आणि राहायला गेले. भाद्रपदात चार दिवस पावसाची झड लागली. माती पाणी पीत गेली. चौथ्या दिवशी दुपारी अप्पा जेवून मधल्या खोलीत आडवे झाले. त्यांची बायको, अक्का, मागच्या दारी भांडी घासत होत्या. त्यांनी नंतर सांगितलं, आवाज फार मोठा झाला नाही. पोतं उतरवल्यासारखा झाला.

अप्पांचे दिवस झाल्यावर मी भेटायला गेले. अक्कांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग आतून रिपोर्ट आणला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, कोरडा ठाक. "ह्यात काय लिहिलंय ते वाचून दावा."

मी एकेक ओळ मराठीत करून सांगत गेले, कारण रिपोर्ट इंग्रजीत होता. सातवं पान आलं. तेही वाचलं.

अक्कांनी तेवढं एकच विचारलं.

"हे मराठीत कामून लिहिलं न्हाई?"

आता माझा रिपोर्ट एक पानाचा असतो. मराठीत असतो. आणि मी तो नुसता हातात देत नाही, घेणाऱ्यासमोर बसून मोठ्यानं वाचते.

*

चाकूरकडे सुनीताबाई म्हणून शिलाईकाम करणाऱ्या बाई. त्यांना रस्त्यालगतचं घर पाहिजे होतं, म्हणजे पुढच्या खोलीत मशीन टाकता येईल. घरमालक ऐंशीच्या घरातले, खाटेवर बसलेले.

रस्त्याकडच्या भिंतीला पोट सुटलं होतं. दगडी भिंतीला दोन बाजू असतात आणि मध्ये भर असते. दोन्ही बाजू धरून ठेवायला आरपार जाणारे लांब दगड घालावे लागतात. ते बंधदगड नसले, की मधली भर फुगते आणि भिंत पोट काढते.

मामू ठोकत ठोकत कोपऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. कोपऱ्याच्या दगडावर छिन्नीच्या तीन रेघा होत्या. मामू त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"म्याडम, ही भिंत माझी हाय. ही खूण माझीच."

मी पेन काढलं. "मग काय लिहू, मामू?"

"हाय ते लिवा. बंधदगड न्हाईत. ठोकून कशाला बगायचं? मीच घातले न्हाईत." मग ते खाटेजवळ जाऊन उभे राहिले. "मालक, तवा जवान होतो. लौकर भिंत उठवली की मिस्त्री चांगला, असं मनायचे. लांब दगड घडवायला येळ जायचा. मी घातलेच न्हाईत."

म्हातारबाबांनी डोळे बारीक करून ओळखलं. "गफूर व्हय रं तू? आरं, येवढी वर्षं उभी हाय की भिंत!"

मामू म्हणाले, "ती तिची मेहेरबानी हाय, मालक. माझं काम न्हवं."

परतताना मामू गाडीत एकेका गावाचं नाव घेत होते. कुठं देशमुखांची भिंत, कुठं तेल्याची, कुठं शाळेमागची. लातूर आलं, तरी नावं संपली नव्हती.

*

बिलोली तालुक्यात एक सिस्टर होत्या. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपत आली होती आणि गावातच राहायचं ठरवलं होतं. घर दोन भावांचं. भिंती चांगल्या, छत बदललेलं. मी मनातल्या मनात "घ्या" असं लिहूनही टाकलं होतं.

मामू मधल्या खोलीत पहार आपटत होते. ठक, ठक, ठक. मग एकदम आवाज बदलला. घुम्म!

"हितं पोकळ हाय."

धाकटा भाऊ म्हणाला, "उंदरं हायत मामू. लई पोखरतेत."

"येवढा मोठा उंदीर?"

फरशी काढली. खाली दगडी झाकण. आमच्याकडे पूर्वी जमिनीत खोल खड्डा करून त्यात ज्वारी साठवायचे. त्याला पेव म्हणतात. पेव बंद राहिलं की आत विषारी हवा कोंडते. झाकण बोटभर सरकवलं आणि मामू बघायला वाकले, तेवढ्यात थोरल्या भावानं त्यांना दंडाला धरून मागं ओढलं.

"वाकू नका! आमचे दोन चुलते गेलेत ह्यात!"

धाकटा त्याच्याकडे रागानं बघायला लागला. थोरल्यानं मग सगळं सांगितलं. हे दोघं जन्मायच्या आधीची गोष्ट. एक चुलता ज्वारी काढायला उतरला आणि वर आलाच नाही. दुसरा त्याला काढायला उतरला. मग आजोबांनी झाकण लावलं, वर फरशी घातली, आणि त्या दिवसापासून घरात पेव हा शब्द बंद झाला.

सिस्टरनं विचारलं, "पण दोघांना वर काढलं होतं ना?"

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. थोरला म्हणाला,

"आजोबा मनायचे, काढलं मनून."

*

आणि माणिककाका. एसटीतले कंडक्टर. लातूरचा मोठा भूकंप झाला त्या पहाटे ते मुक्कामाच्या गाडीवर दुसऱ्या गावात होते. परत आले, तेव्हा आई, बायको आणि दोन्ही मुली दगडांखाली होत्या. तेव्हापासून पुनर्वसनातल्या खोल्यांमध्ये एकटेच राहिले. रिटायर झाल्यावर औशाकडच्या एका गावात जुनं दगडी घर त्यांनी बघितलं. तिथं चुलतभाऊ राहतात. "भावकीजवळ राहावं वाटायलंय," म्हणाले.

आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत ते घर तपासलं. हातभर रुंद भिंती, मातीत रचलेले गोटे, एक बंधदगड नाही, वर मातीचं ओझं. भूकंपातून ते कसं वाचलं, हेच कोडं होतं. ओट्यावर बसून मी रिपोर्ट वाचला. शेवटची ओळ होती: या घरात कुणीही राहू नये.

माणिककाकांनी मान हलवली. "बरं."

विकणारा मात्र तडकला. "तुमाला न्हाई घ्यायचं, तर न्हाई! मला दुसरं गिऱ्हाईक तयार हाय. नवरा-बायको हायत, दोन लेकरं हायत, शेताजवळ घर पायजे त्यान्ला. ते असले रिपोर्ट-बिपोर्ट मागत न्हाईत!"

माणिककाकांनी तांब्या उचलला, पाणी प्यायले, तोंड पुसलं.

"मी घेतो."

मी हबकले. "काका, मी आत्ता काय वाचलं?"

"ऐकलं की."

मामूंनी त्यांचा हात धरला. "क्या करते, माणिकभाई? मौत खरीदते क्या?"

"घेतो मनलं ना."

त्यांनी घर घेतलं. मामू आणि मी त्यांच्यावर इतके चिडलो होतो, की चौकशीसुद्धा केली नाही. खरं सांगायचं, तर मला भीती वाटत होती. पाऊस तोंडावर आला होता.

दोन महिन्यांनी त्याच रस्त्यानं दुसऱ्या कामाला निघालो होतो. फाटा आला आणि मामू म्हणाले, "गाडी आत घ्या." मी नको म्हणाले. मामूंनी गाडीचं दार उघडायला हात घातला. मी गाडी आत घेतली.

घर नव्हतं.

छत नव्हतं, भिंती नव्हत्या. जोत्यापर्यंत सगळं उतरवलेलं. एका बाजूला लाकडं, एका बाजूला दगडांचा ढीग, मधोमध मोकळं ऊन. माणिककाका डोक्याला टॉवेल बांधून दोन मजुरांबरोबर घमेलं भरत होते. हातांना फोड आले होते.

मी विचारलं, "काका, नवीन बांधताय?"

"न्हाई. भावाकडं एक खोली दिलीय मला, पत्र्याची. तिथंच राहायलो."

"मग हे घेतलंत कशाला?"

त्यांनी घमेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विसरले होते.

"तुमीच तर वाचून दावलं की, म्याडम. कुणीच राहू नये मनून."