कार्टर की हडसन

"आधी हाक मारून बघा," असं म्हणून आत्या बाळाच्या आईबापांना आमच्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये उभं करायच्या. लिफ्टपासून शेवटच्या दारापर्यंत हाक पोचली, तर नाव पास.

दुबईत ऊद मेथातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी पोरांच्या त्या आत्या. सख्ख्या आत्या गावी. बारशासाठी त्यांचा व्हिसा, तिकीट कोण काढणार? म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायला आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या ह्याच. माझ्या मुलाचं नावही त्यांनीच सांगितलं होतं.

पुढे माझ्या मुलालाच मुलगा झाला आणि घरात वाद सुरू झाला. कार्टर की हडसन?

"अरे, ही तर आडनावं," आत्या म्हणाल्या. "पाळण्यातल्या पोराला आडनावाने हाक मारायला तो काय हेडक्लार्क आहे?"

"आत्या, दे आर फर्स्ट नेम्स नाऊ," मुलगा म्हणाला.

"मग पुढच्याचं कुलकर्णी ठेव. आणि कार्टरला शाळेत कार्टा म्हणतील, सांगून ठेवते."

हडसन ठरलं. मुलाने कॉरिडॉरमध्ये हाक मारली, पण वेटरला बोलवावं तशी, दबक्या आवाजात. "नापास," आत्या म्हणाल्या.

बारसं जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका हॉलमध्ये. आत्या घरून घुगऱ्या करून घेऊन आल्या. पाळण्यावर वाकल्या, आणि तेवढ्यात इव्हेंटवाल्याने पडद्यावर नाव झळकवलं. टाळ्या, फुगे. आत्या तशाच वाकलेल्या. मी खुर्चीतून उठलो.

"बाबा, चिल. प्रोग्रॅम तसाच होता," मुलगा म्हणाला.

तुम्हीच सांगा, ज्या बाईने ह्याच्या कानात ह्याचं नाव सांगितलं, तिच्यासाठी त्या प्रोग्रॅममध्ये एक मिनिट नसावं? भर हॉलमध्ये मी म्हणालो, "खलास. बंद करा तो पडदा."

"राहू दे, दादा." आत्या पुन्हा वाकल्या. बाळाच्या कानात सावकाश सांगितलं: हडसन, मग बापाचं नाव, मग आमचं आडनाव. "ठरलंय ना एकदा, मग नीट सांगायला हवं."

पुढे रोज संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये त्यांचीच हाक. "हडसनाऽऽ." खाडीपल्याड पोचेल अशी. पोरगं आधी रांगत, मग धावत त्यांच्या दारी.

यंदा त्यांच्या यजमानांची नोकरी संपली. नोकरी संपली की व्हिसा संपला. अर्धं आयुष्य इथे काढलेल्या माणसांना सामान आवरायला जेमतेम वेळ. हा हिशेब मला अजून पटलेला नाही. आत्या देवरुखला गेल्या.

परवा मुलगा लिफ्ट धरून उभा होता. पोराला हाक मारली, त्याच वेटरच्या आवाजात. पोरगं ढिम्म. शेवटी लाज सोडून त्याने आत्यांसारखा सूर ताणला, "हडसनाऽऽ."

पोरगं धावलं. बापाकडे नाही, समोरच्या बंद दाराकडे.