लॉट परत

जगात रोज तयार होणाऱ्या सगळ्या बातम्या, व्हिडिओ आणि सुविचार तपासून घेण्याची जबाबदारी देवाने माझ्या बायकोच्या मामांवर टाकली आहे, असं निदान मामांचं तरी ठाम मत आहे. वागळे इस्टेटमधल्या एका नटबोल्टच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म बाहेरून येणारा माल तपासला. खोक्यातून चार नग उचलायचे, माप लावायचं, एक जरी चुकला तरी "लॉट परत!" निवृत्तीनंतर ही सवय त्यांच्याबरोबर ठाकुर्लीच्या घरी आली. सकाळी पेपर आला की मामा डोळे मिटून कुठेतरी बोट ठेवायचे आणि तेवढीच बातमी वाचायचे. ती एखाद्या नटीच्या कुत्र्याच्या वाढदिवसाची निघाली, तर अख्खा पेपर मेथी निवडायला मामींकडे रवाना. टीव्हीला ते एक मिनिट देतात. तेवढ्यात कोणी ओरडलं की बंद. अजून एकही चॅनल पास झालेलं नाही.

खरी दहशत होती ती आमच्या घरच्या ग्रुपवर. कोणी काहीही पुढे ढकललं की त्याला मामांचा फोन.

"जावईबापू, कांद्याच्या रसाने टकलावर केस येतात म्हणता. तुम्ही लावून बघितलात?"

"नाही हो मामा. आलं, ते फॉरवर्ड केलं."

"म्हणजे न तपासता गेटमधून आत सोडलंत!"

माझं टक्कल त्यांनी पाहिलेलं आहे, तेव्हा हा प्रश्न त्यांनी खरं तर विचारायला नको होता. सुप्रभातच्या फुलांवर तर त्यांचा विशेष राग. "फूल बघून कोणाची सकाळ सुधारली? लॉट परत!" आम्ही सगळे त्यांना हसायचो. मी स्वतः मात्र उठल्यापासून समोर येईल ते गिळत होतो. चहाबरोबर व्हिडिओ, जेवताना व्हिडिओ, आणि दुपारी विचारलंत तर सकाळचं एक आठवत नसे.

गेल्या वर्षी असाच एक व्हिडिओ मी न बघता ग्रुपवर टाकला. रक्तदाबाच्या गोळ्या सोडा, दुधीचा रस प्या, असं त्यात होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे मामा तेव्हा चार दिवस फोनपासून लांब होते. पाचव्या दिवशी त्यांनी तो ऐकला आणि मला फोन लावला. मी ऑफिसात होतो, वैतागून कट केला. पण खराब माल आत गेला तर प्रत्येक मशीनवर जाऊन तो परत गोळा करायचा, ही त्यांच्या कारखान्याची रीत. मामांनी ग्रुपमधल्या एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. बाकीच्यांनी तो उघडलाही नव्हता. शेवटी शहाडला एकट्या राहणाऱ्या माझ्या आईचा नंबर आला.

"विहीणबाई, गोळी चालू आहे ना?"

"नाही हो. चार दिवस झाले, रसच घेतेय. आज जरा डोकं गरगरतंय."

मामा काळा चष्मा लावून तसेच रिक्षाने शहाडला गेले आणि आईला दवाखान्यात घेऊन गेले. मी पोहोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." आई मला म्हणाली, "अरे, तू पाठवलंस. म्हटलं, बघूनच पाठवलं असशील." मला मान वर करता येईना. मामा तिथेच बाकावर बसले होते. त्या दिवशी त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

ऑपरेशन झालं, पण मामांची नजर काही पहिल्यासारखी आली नाही. आता दर रविवारी सकाळी मी डोंबिवलीहून ठाकुर्लीला जातो आणि आलेलं सगळं त्यांना वाचून दाखवतो. परवा वाचता वाचता त्यांच्या फोनवर आईचं सुप्रभातचं फूल आलं.

"मामा, फूल आलंय. लॉट परत?"

"छे छे! ते मीच मागवलंय. विहीणबाईंनी सकाळची गोळी घेतली की फूल पाठवायचं, असं आमचं ठरलंय. कुठलं आहे आज?"

"जास्वंद."

मामांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि अगदी डोळ्यांजवळ नेला. त्यांना दिसला असेल तर एक तांबडा ठिपका दिसला असेल. बराच वेळ ते बघत होते.

"छान आहे," म्हणाले.