व्याह्यांचा ऑस्ट्रेलियाचा कप्पा

आमच्या व्याह्यांइतका पुस्तकवेडा माणूस उभ्या अमेरिकेत दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याची नि माझी गाठ घालू नका. मी चौथी पास. कराडला जन्मभर टेम्पो चालवला, कुणाच्या बापाला भ्यालो नाही. पण इथं अमेरिकेत चँडलरला मुलाकडे राहायला आलो आणि या माणसाच्या तावडीत सापडलो. सुनेचे हे वडील नागपूरचे. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला तीन वर्षं ऑस्ट्रेलियात होते, तिथनं त्या देशाच्या कथा-कवितांचं वेड घेऊन आले. दर दिवाळीला लेकीकडे यायचे ते निम्मे लेकीसाठी आणि निम्मे इथल्या लायब्ररीतल्या ऑस्ट्रेलियन लेखकांच्या कप्प्यासाठी. वैद्य पुड्या बांधून देतो तशी ते त्यातली पुस्तकं द्यायचे, ज्याचं जे दुखेल त्याला ते. इथल्या कॉम्प्युटर चिपच्या कंपन्यांनी माणसं कामावरनं काढली त्या वर्षी व्हिसाच्या काळजीनं काळवंडलेल्या एका इंजिनियरला त्यांनी दुष्काळाची कादंबरी दिली. "यातला मेंढपाळ सात वर्षं तग धरतो. तुला तर महिनाच झालाय." तो म्हणाला, "काका, यार, मला जॉब पाहिजे, नॉव्हेल नको." पण घेऊन गेला, आणि पुढं तसलंच दुसरं मागायला आला.

दिवाळीत मुलाकडच्यांना आहेर करायची रीत. मी मुलाचा बाप, ऐटीत पाटावर बसलो. यांनी माझ्या हातात हळदकुंकू लावलेलं जाडजूड पुस्तक ठेवलं. लायब्ररीचं. म्हणजे तीन आठवड्यांत परत करायचा आहेर. मला इंग्रजी वाचता येत नाही हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतो. वीस दिवस ते उशाशी ठेवून परत केलं. लायब्ररीतल्या बाई कुंकवाचा डाग पुसत बसल्या. "शेवट कसा वाटला, व्याहीबुवा?" यांनी विचारलं. "जरा घाईत उरकलाय," मी म्हटलं. पुस्तक कवितांचं होतं, हे सुनेनं मला नंतर सांगितलं.

 दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही अंगणात खुर्च्या मांडून म्हणाले, "हल्ली मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नाही. तुम्ही नुसते बसा." एक ओळ इंग्रजीत वाचायचे, मग तीच मराठीत सांगायचे. "मला कळतंय, मराठीची गरज नाही," मी म्हणालो. "तुम्हाला नसेल, मला आहे," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला, त्यांच्या परतीला पंधरा दिवस राहिले असताना लायब्ररीतल्या बाईंनी सांगितलं, दोन वर्षांत ज्याला कुणी हात लावला नाही ते पुस्तक महिनाअखेर लायब्ररीतनं काढून टाकणार. निम्मा कप्पा त्यात जात होता. व्याह्यांनी जेवण सोडलं नाही एवढंच. मुलाच्या नि सुनेच्या कार्डावर बसतील तेवढी पुस्तकं त्यांनी स्वतः घेतली. देशी किराण्याच्या दुकानात डाळींच्या पोत्यांपाशी उभं राहून येईल त्या मराठी माणसाला ते लायब्ररीत धाडायचे. तरी विमानतळावर त्यांचा चेहरा उतरलेला. "नऊ कुणीच नेली नाहीत, व्याहीबुवा. सगळी कवितांची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा चालत लायब्ररीत गेलो. बाईंनी कार्डाचा फॉर्म पुढं केला. बराच वेळ पेन धरून उभा राहिलो, मग माझ्या इंग्रजीत म्हणालो, "मी रीड नाही करत. यू राइट." सत्तर वर्षांत पहिल्यांदाच हे तोंडातनं गेलं. बाईंनी फॉर्म भरला. नऊच्या नऊ पिशवीत घालून घरी आणली आणि व्याही पोचल्यावर नागपूरला फोन लावला. नऊही आणल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "कुठलं आधी घेऊ या?"

त्यानंतर डॉक्टरांनी त्यांचा विमानप्रवास बंद केला. आता रविवारी सून फोनपाशी पुस्तक धरून ओळ वाचते, ते नागपुरातनं मराठीत सांगतात. सध्या एका लांबलचक कवितेत एक म्हातारी बंदरावर मुलाच्या बोटीची वाट बघत बसलीय. मला धीर निघत नाही. "आली का बोट?" मी विचारतो.

"अजून नाही, व्याहीबुवा. पण लांबवर धूर दिसायला लागलाय. पोरीला म्हणावं, पान उलट."