धुळीआडची आकाशगंगा घेऊन सोनारीला

सासरच्या वाशी गावाहून जीप सुटली तेव्हा उन्हं नुकतीच ज्वारीवर आली होती. लग्नानंतरचं माझं हे पहिलं देवदर्शन, सोनारीच्या काळभैरवाचं. शेजारी आत्या (इकडं सासूला आत्या म्हणतात) पदर सावरत बसल्या होत्या. परदेशातल्या एका वेधशाळेत मला तीन वर्षांचं काम मिळालं होतं. नवरा राजी होता; आत्या मात्र हो म्हणेनात की नाही म्हणेनात. त्यांचं मन मोडून जायला माझा पाय निघाला नसता.

"तिथं करणार तरी काय गं तू?" त्यांनी वाटेत विचारलं.

माझा विषय निघाला की मला आवरत नाही. दूरच्या काही आकाशगंगांच्या मधोमध क्वेसार असतो, इतका झगझगीत की भोवतीची आकाशगंगा त्यात बुडून जाते. समोरून गाडी दिवे लावून आली की आत कोण बसलंय ते दिसत नाही ना, तसंच. पण काही क्वेसारांपुढं धूळ आडवी येते, तेज झाकलं जातं आणि ती आकाशगंगा दिसू लागते. तिचाच मी अभ्यास करते.

"म्हंजी धुरळ्यानंच काम साधतंय की!" म्हणून आत्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

सोनारीत देवाआधी वानरं भेटली. एकानं माझ्या हातातला नारळच हिसकावला. दुसरा घेऊन दर्शन उरकलं. मग झाडाखाली भाकरी आणि येसरची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दोनदा मागून घेतली. सुनेनं हार मानायची नसते.

जेवणं झाल्यावर सोबत आलेल्या भावकीतल्या बायकांनी मला नाव घ्यायला लावलं. मी पाठ केलेला उखाणा कसाबसा म्हटला. तेवढ्यात एक काकू आत्यांना म्हणाल्या, "सून परदेशी निघाली म्हनं? आन् तुमी जाऊ देनार व्हय, वैनी?"

मी आत्यांकडं बघितलं.

आत्यांनी पदर नीट केला आणि कुणी आग्रह न करता स्वतःच नाव घेतलं:

"धुळीच्या आड दिवा, दिव्याभवती गाव,
सून निघाली बघाया, भगवानरावांचं घेते नाव."

बायकांनी टाळ्या पिटल्या. मला रडूच फुटलं. माझ्या कामाचा अभिमान मला होताच. पण त्या दुपारी आत्यांचा वाटला तो त्याहून मोठा होता.

परतताना जीपवाल्यानं मला विचारलं, "एवढ्या लांब एकल्याच जानार व्हय, ताई?"

उत्तर आत्यांनी दिलं. "एकली कशी? आमी समदी हाव की तिच्या मागं."