ट्रॅक्टरला साडीचा काठ

मिलच्या साड्या स्वस्त झाल्या आणि मंडी मोहल्ल्यातलं आमचं साड्या रंगवायचं, छापायचं काम बसलं. बाबांनी छपाईचे लाकडी ठसे पोत्यात बांधून ठेवले. दहावीनंतर मला कुणाच्या तरी दुकानात कामाला लावायचं ठरलं होतं.

संक्रांतीच्या तोंडावर एक शेतकरी नवा ट्रॅक्टर घेऊन दारात आला. बोलताना त्याचा हात बॉनेटवरून फिरत होता, बैलाच्या पाठीवरून फिरावा तसा.

"हा रंगवून द्या, यजमानरे," तो बाबांना कन्नडमधून म्हणाला.

"आम्ही कापडाची माणसं, सामी. आणि नव्या गाडीला रंग कशाला?"

"बैल विकले. दर संक्रांतीला त्यांची शिंगं रंगवायचो. आता शेत हा नांगरतो, तर सणाला ह्याला असाच उभा करू?"

बाबा हसले. "ह्याला शिंगं कुठायत?"

"ते धुराडं आहे की! दिव्यांना मात्र हात लावू नका, डोळे आहेत ते."

बाबांनी ऑइलपेंट आणला, पोतं सोडलं आणि मडगार्डवर साडीचा काठ छापला. तो बघून त्याच्या गावचे ट्रॅक्टर येऊ लागले, मग शेजारच्या गावांचे. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्या कामावर घर चाललं आणि मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे.