बाँडाचा भाव का उतरला

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही ओळीवर राहत नाही. चौथीनंतर पेन धरला तो सहीपुरताच. चुकलं असेल तिथं माफी असावी, वाचणारी मी एकटीच असले तरी.

आईच्या शेतातला माझा वाटा भावानं विकत घेतला. त्या पैशातून पत्रे काढून घरावर स्लॅब टाकायचा होता. पण आधी भिंती पक्क्या करायच्या, त्याला काही वर्षं लागणार होती. भावाची मुलगी नांदेडला बँकेत आहे. ती म्हणाली, "आत्या, तोवर सरकारी बाँड घे. शंभराला वर्षाला सात रुपये व्याज, अन् मुदत संपली की शंभर परत."

आमच्याकडं बाँड म्हणजे स्टँपपेपर. मी शिक्क्याच्या कागदाची वाट पाहत राहिले. कागद आलाच नाही, नोंद मोबाईलवर होती. मोठ्या जाऊबाई हसल्या, "बाँड घेतला म्हनती अन् कागद न्हाई? मंग स्लॅब बी मोबाईलवरच टाक की!"

मुदतीची दोन वर्षं उरली असताना भाचीकडून कळलं, नवे बाँड शंभराला आठ देतात. मला वाटलं, आपलंही वाढलं.

"नाही आत्या, तुझे सातच. अन् आता विकलेस तर शंभराचे अठ्ठ्याण्णवच येतील."

लाज वाटत होती, तरी विचारलं, "व्याज वाढलं तर माझा भाव काहून उतरला गं?"

"कळमनुरीच्या बाजारात आठ लिटरची म्हैस ज्या पैशात मिळते, त्याच पैशात तुझी सात लिटरची कोण घेईल?"

"कोणी न्हाई. पण मला इकायचीच नसली तर?"

"मग तिचं दूध थोडंच आटलं?"

भाकरी थापताना तेच डोक्यात. दोनच रुपये कमी का, पाच का नाही? मग उमगलं. घेणाऱ्याला नव्यापेक्षा वर्षाला एक रुपया कमी मिळणार, तोही दोन वर्षं. ते तो आधीच कापून घेतो. वर्ष सरलं की एकच कापेल. मुदतीच्या दिवशी कापायला काही उरतच नाही. पिठाच्या हातानंच फोन लावला, "बराबर हाय का?"

"जवळजवळ बराबर, आत्या!"

मी विकले नाहीत. तरी सरकारनं पैसे दिलेच नाहीत तर, ही धाकधूक होतीच. मुदतीच्या दिवशी शेवटचं व्याज आलं, आणि मुद्दलही आलं, पूर्ण, एक रुपया कमी नाही.